मागच्या महिन्याचा आकडा

६ जानेवारी

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आम्ही दोघं खुशाल आहोत. माझा गुडघा पायऱ्या चढताना कुरकुरतो आणि उतरताना गप्प असतो, म्हणजे त्याला वरच्या मजल्यावरच्या कार्यालयाचाच राग असावा. तुझी मामी ठणठणीत आहे. फोनवर तूच ऐकतेस म्हणा. तुमचं दोघींचं बोलणं संपेपर्यंत माझ्या वाट्याला "हां, हां, जेवलीस का" एवढंच उरतं, म्हणून मी आपला कागदावर बोलतो.

मोठी बातमी अशी की मध्यवर्ती बँकेची माणसं अखेर आमच्याकडे पोचली. दोन वर्षं नुसती पत्रं येत होती, आता सामान आलं. मागची साठवणीची खोली रिकामी करून तिथे वर्ग केलाय. जुन्या भावपत्रकांचे गठ्ठे हलवताना शिपायाला तीन पिढ्यांची झुरळं भेटली. आता तिथे बारा यंत्रं आहेत, भिंतीवर पांढरा पडदा आहे आणि चाकांच्या खुर्च्या आहेत. पहिल्या दिवशी शिक्षणापेक्षा खुर्च्यांच्या शर्यतीच जास्त झाल्या. दारावर "सार्वजनिक संस्थांची क्षमताबांधणी" असा फलक लावलाय. मामीला वाटलं, इमारतीचं बांधकाम निघालंय. ती म्हणाली, आधी स्वच्छतागृहाचं बघा म्हणावं.

बँकेच्या प्रशिक्षक बाई तुझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. बिनसाखरेचा चहा पितात आणि आवाज चढवत नाहीत. आमच्यातल्या एकानं पहिल्याच तासाला विचारलं, की बँकेला आमच्या दुकानोदुकानी हिंडण्याचं एवढं काय पडलंय? बाई म्हणाल्या, व्याजाचा दर वाढवायचा की उतरवायचा हे ठरवताना आमच्या मोठ्या टेबलावर महागाईचा एक आकडा ठेवतात. तो आकडा तुम्ही दुकानाच्या पायरीवर उभं राहून लिहिता. तुमचा कच्चा, तर आमचा कच्चा. वर्ग एकदम ताठ बसला. मी गेली बत्तीस वर्षं हेच सांगतोय, पण माझ्या तोंडून ते कोणाला पटत नाही. घरचा माणूस पडलो ना.

भाव घेण्याचे नियम तेच आहेत, तुला मी शिकवले ते. तेच दुकान, तीच वस्तू, तेच माप. मिळाली नाही तर चौकट कोरी सोडायची आणि पुढे कारणाचा क्रमांक टाकायचा. दुकान बंद असेल तर तीन, दुकानदारानं सांगितलं नाही तर चार. मागच्या महिन्याचा आकडा पुढे ओढायचा नाही. बाईंनी हा शेवटचा नियम फळ्यावर लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. मी मागे बसून मान डोलावली.

आमची मौनीबाई आठवते ना? धाकटी लिपिक, दिवसाला मोजून चार शब्द बोलणारी. ती सगळ्यांच्या पुढे आहे. बाई एक दाखवतात, तोवर हिचं दुसरं झालेलं असतं. परवा तिनं आपला आठवड्याभराचा कोटा एकाच वाक्यात संपवला. तू गेलीस त्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आणखी जागा आहे का, असं तिनं बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, एका कार्यालयाला एकच जागा, तुमची अजून भरलेली आहे. असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकी उघडायला उठलो.

तुझी सायकल मी दर रविवारी पुसतो, साखळीला तेल घालतो. मामी दर शनिवारी तुझी गादी गच्चीवर टाकते. तुझ्या खोलीच्या खिडकीची कडी निसटायची, ती दुरुस्त केली. मार्च संपायला आजपासून चौऱ्याऐंशी दिवस आहेत. मी मुद्दाम मोजत नाही, कॅलेंडर समोरच आहे. मी सप्टेंबरात निवृत्त होणार. तोवर सहा महिने तू माझ्या शेजारी बसलीस, की खुर्ची कुठे करकरते आणि कोणता दुकानदार सकाळी चिडका असतो हे सगळं तुला सांगून मी मोकळा. त्यासाठीच तर तुला पाठवलं होतं.

टेलरमावशी कशा आहेत, असं तू विचारलंयस. ठीक आहेत.

आणि त्या कागदाबद्दल म्हणतेस, तर हल्लीच्या टपालाचं काय सांगावं. अजून काही हाती आलेलं नाही. आलं की बघू.

थंडी आहे. मफलर गुंडाळत जा, फॅशन नंतर.

तुझा,
मामा


११ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. पत्र मिळालं. नेहमीपेक्षा लहान होतं. कामात असशील.

अठ्ठावीस फेब्रुवारी ही शेवटची तारीख आहे, हे तू दोनदा लिहिलंयस आणि दुसऱ्यांदा खाली रेघ मारलीयस. माझी नजर अजून शाबूत आहे. मी चौकशी करतो. सरकारी कागद वाट चुकतात, हे तुला मी सांगायला नको.

इकडे विशेष काही नाही. वर्ग चालू आहे. आता बाई जुने आकडे यंत्रात भरून घेतात आणि पडद्यावर त्यांच्या रेघा दाखवतात. पाहायला मजा येते. मटारची रेघ एखाद्या तापट माणसासारखी वर-खाली उड्या मारते. न्हाव्याची वर्षातून दोनदा पायरी चढते आणि मग बसून राहते. परवा त्यांनी एक रेघ दाखवली, ती अकरा महिने आडवी. गावातल्या त्याच धंद्याच्या बाकी सगळ्या रेघा चढलेल्या आणि ही एकटी झोपलेली. बाई म्हणाल्या, दुकान चालू असेल तर रेघ थोडी तरी हलते. ही हलत नाही, म्हणजे भाव घ्यायला कोणी गेलंच नाही, मागचाच आकडा पुढे ओढलाय. कोणाचा तरी आळस असेल. असतात असे लोक. मी विषय फार वाढवू दिला नाही, कारण चहाची वेळ झाली होती.

मामी गेले तीन दिवस माझ्याशी बोलत नाही. कारण किरकोळ आहे. घरातले निरोप ती भांड्यांमार्फत देते. काल कपबशी अशी ठेवली, की शेजारच्यांनी येऊन विचारलं. फोनवर तुला ती काही म्हणाली असेल, तर तिच्या बोलण्यावर जाऊ नकोस. किंवा जा. मला काय कळणार म्हणा, तुम्ही काय बोलता ते.

टेलरमावशी ठीक आहेत. मागच्या पत्रात लिहिलं होतं ना. त्याच्या मागच्यातही. तुला एकदम त्यांची एवढी काळजी का लागलीय?

तू नऊ वर्षांची होतीस तेव्हाची एक गोष्ट आज उगाच आठवली. तू आमच्याकडे येऊन महिना झाला असेल. शाळेला सुट्टी होती, मामीला ताप होता, म्हणून मी तुला भावाच्या फेरीला बरोबर घेतलं. नियमात बसत नव्हतं, पण तुला घरात एकटी कशी ठेवणार? तू वहीचं मागचं पान फाडून घेतलंस आणि माझ्या मागोमाग प्रत्येक दुकानात तोच प्रश्न विचारलास. आठ दुकानं झाली. नवव्यात टेलरमावशींनी तुला मशीनवर बसवलं आणि शाळेच्या पोशाखाचं माप घेतलं. "पोरगी भिंगरी आहे नुसती, माप घेऊ देईना," म्हणाल्या. नाव तिथूनच पडलं. घरी जाताना तू मला विचारलंस, की मामा, उद्या पण हेच दुकान का? मी सांगितलं, पुढच्या महिन्यात, आणि त्याच्या पुढच्या, कायम हेच. तुला ते फार आवडलं होतं. आईला जाऊन महिनाच झालेल्या पोरीला "कायम हेच" किती आवडलं असेल, ते मला तेव्हा कळलं नाही.

असो. उगाच लिहीत बसलो. हे पत्र टाकावं की नाही कळत नाही, पण लिहिलंय तर टाकतो.

माझी तब्येत ठीक आहे.

मामा


२० फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद.

सोबत एक कागद आहे. तो आधी बघितला असशीलच, पण तरी पत्र शेवटपर्यंत वाच. मागची दोन पत्रं मी लिहिली ती न सांगण्यासाठी. हे सांगण्यासाठी आहे, म्हणून लांबेल.

तुझा कागद वाट चुकला नव्हता. डिसेंबरच्या एकवीस तारखेला सकाळच्या टपालानं तो नीट माझ्या टेबलावर आला. वर लिहिलं होतं, "प्रति, माननीय कार्यालयप्रमुख. महोदय." खाली तुझी सही. बँकेच्या आकडेवारी विभागात तुला कायम घेत आहेत, त्यासाठी मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला हवा. तो मिळाला नाही, तर करारानुसार तुला परत येऊन तीन वर्षं इथे काढावी लागतील. भाषा अगदी बिनचूक होती, मीच शिकवलेली. आयुष्यात पहिल्यांदा तू मला महोदय म्हणालीस. ते मला इतकं लागलं, की मी दार लावून घेतलं आणि अर्धा तास कोणाला आत येऊ दिलं नाही.

नाही म्हणायचा मला अधिकार होता. कार्यालयाची गरज आहे असं दोन ओळींत लिहिलं असतं, तर कोणी बोट ठेवलं नसतं. पण "हरकत आहे" असं लिहायचं तर खाली सही माझीच. ती तू बघितली असतीस. म्हणून मी भित्र्या माणसाचा रस्ता धरला. कागद खिशात घालून घरी आणला आणि लपवून ठेवला. तारीख उलटली, की तू आपोआप येशील आणि मी टपालाला नावं ठेवीन, असा माझा हिशेब.

आता लपवला कुठे, ते ऐक. तुझ्या गादीखाली. जी गादी मामी दर शनिवारी उचलते, ती. बत्तीस वर्षं सरकारी नोकरी करून मला एवढीही लबाडी जमली नाही. सहा आठवडे मी शुक्रवारी संध्याकाळी कागद काढायचो आणि रविवारी परत ठेवायचो. सातव्या आठवड्यात विसरलो.

मामीनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिनं कागद दोनदा वाचला, घडी घालून माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाली, "ती नऊ वर्षांची होती तेव्हा आपण तिला ठेवून घेतलं. तेव्हा तिला कोणी विचारलं नव्हतं. आता ती विचारतेय, आणि तुम्ही उत्तर देत नाही." त्यानंतर सहा दिवस भांडी बोलत होती.

एवढ्यावर मी सुधारायला हवं होतं. सुधारलो नाही. कागद घेऊन पुन्हा कार्यालयाच्या खणात टाकला, कारण त्या खणात आणखी तीन चिठ्ठ्या होत्या आणि त्यांचंही मला तोंड बघायचं नव्हतं. त्याची हकीकत आता सांगतो. ही तुझ्याशी जास्त संबंधित आहे.

ती आडवी रेघ माझी होती.

तू गेल्यावर तुझी फेरी मी घेतली, ते तुला तेव्हाच कळवलं होतं. कार्यालयप्रमुखानं फेरी करू नये, पण माणसं कमी होती आणि खरं सांगायचं तर मला हवीच होती. तुझा शून्य-सात हा क्रमांकही मी दुसऱ्या कोणाला दिला नाही. पत्रकावर शून्य-सात लिहिलं, की महिन्यातून एकदा तू रजेवरून आल्यासारखी वाटायचीस. पहिलं वर्ष मी नेमानं हिंडलो. टेलरमावशींकडे वस्तू तीच ठेवलेली, बाईच्या साध्या पोशाखाची शिलाई, कापड गिऱ्हाइकाचं, अस्तर नाही. भाव तीनशे चाळीस. भाव सांगून झाला, की मावशी दरवेळी विचारायच्या, पोरगी कधी येणार? मी सांगायचो, अमुक महिने राहिले.

मागच्या फेब्रुवारीत तू चार दिवस आलीस. जेवताना तिथल्या कामाबद्दल बोलत होतीस. कुठल्याशा गावाचे आकडे जुळेनात, तर तू आणि तुझ्या सोबतणींनी आठ दिवस खपून चूक कशी शोधली, ते सांगत होतीस. बोलताना घास हातात तसाच राहिला होता. मामी माझ्याकडे बघत होती. तू जे म्हणाली नाहीस, ते आम्हा दोघांना तेव्हाच कळलं. तू गेल्यावर मी फेरीला गेलो. मावशींनी विचारलं, पोरगी कायमची येणार ना? मी म्हटलं, हो तर. तेवढं खोटं त्या दुकानात बोललो, आणि पुढच्या महिन्यापासून मला त्या पायरीवर पाय टाकता येईना. समोरच्या फुटपाथवरून जायचो. मशीनचा आवाज ऐकायचो आणि पुढे निघायचो. चौकटीत तीनशे चाळीस लिहायचो. मार्चला, एप्रिलला, थेट जानेवारीपर्यंत. दुकान बंद असेल तर तीन, दुकानदारानं सांगितलं नाही तर चार. भाव घेणाऱ्याला आत जायचा धीर झाला नाही, याला आमच्या यादीत क्रमांक नाही.

बाईंनी ती रेघ दाखवून विचारलं, शून्य-सात कोण? वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं, की तो क्रमांक तुझा. पडद्यावर वर्ष दिसत नव्हतं, म्हणून रेघ तू इथे असतानाची वाटली. फेरी मी करतो हे फक्त मौनीबाईला माहीत होतं, कारण पत्रकं ती लावते. तिनं तोंड उघडलं. ती अबोल पोरगी आपणहून बोलायला निघाली होती आणि मी तिला गप्प केलं. म्हटलं, चहा घेऊ या, नंतर बघू. म्हणजे वीस माणसांसमोर मी तुझ्या नावावर डाग पडू दिला. तुझी नेमणूक त्याच बँकेत व्हायची आहे, हे माहीत असताना. चक्क तुझी फजिती व्हावी असं मला क्षणभर वाटलं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. नाही असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. हे लिहिताना शरम वाटते.

बाईंचा अहवाल अठराला जाणार होता. सतरा तारखेला दुपारी मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो, त्या चाकांच्या खुर्चीवर. खुर्ची मागे मागे सरकत होती, तर मी टेबल धरून ठेवलं. सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे तीन चिठ्ठ्या आल्या असतील. शून्य-सातच्या शिलाईची खातरजमा करावी, अशा." मी म्हटलं, आल्या, मला वाटलं यंत्रं पाठवतात. बाई म्हणाल्या, "यंत्रं नाही पाठवत. मागच्या जूनपासून या जिल्ह्याचे आकडे तुमची भाचीच तपासते."

मी टेबलावरचा हात काढला आणि खुर्ची मागे सरकू दिली.

म्हणजे दर महिन्याला ती रेघ तुझ्या समोर येत होती. तुझ्याच क्रमांकाखाली. आणि तू तिथून नियमानं चिठ्ठी काढत होतीस, आणि घरच्या पत्रात, फक्त घरच्या पत्रात, टेलरमावशी कशा आहेत असं विचारत होतीस. मी मोजून पाहिलं, पाच पत्रांत विचारलंयस. मी पाचही वेळा ठीक म्हटलं. तू मामा खोटं लिहितो असं कोणाला म्हणाली नाहीस, आणि आकडा बरोबर आहे असंही कोणाला म्हणाली नाहीस. मी सांगेन म्हणून वाट बघत राहिलीस. भिंगरी, तुला मी काम शिकवलं असं मी गावभर सांगत फिरतो. एवढं मी शिकवलेलं नाही.

बाई म्हणाल्या, अहवालात तुमचं नाव लिहावं लागेल. मी म्हटलं, लिहा. सेवापुस्तकात शेवटच्या वर्षी एक शेरा येईल. सप्टेंबरच्या निरोप समारंभात भाषणं जरा आखडती होतील, तेवढंच. ते अकरा आकडे आता खोडून तिथे कोऱ्या चौकटी ठेवल्या आहेत. उठताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला डिसेंबरपासून माहीत होती, कारण तुझ्या कागदाच्या मागच्या बाजूला छापलेली आहे. तुला बँकेनं ठेवून घेतलं, तर कार्यालयाची जागा मोकळी होते आणि दुसरं माणूस पाठवता येतं. म्हणजे मी नुसतं तुलाच अडवलं नव्हतं, मौनीबाईलाही अडवलं होतं. तिला काल हे सांगितलं. ती म्हणाली, "खरंच?" तिच्या मानानं ते भाषणच.

परवा मी टेलरमावशींकडे गेलो. पायरीवर थोडा वेळ थांबलो, मग आत गेलो. दुकान तेच आहे, पण मशीन दाराशी, उजेडात ओढून घेतलंय. डोळे बरेच मंदावलेत. मी वही काढली आणि विचारलं, बाईच्या साध्या पोशाखाची शिलाई, अस्तर नाही. मावशी हसल्या. "दिवाणखान्यात पाहुणा यावा तसा वर्षानं आलात, आणि भाव विचारता? नवीन शिवणं बंद केलं मी मागच्या मे महिन्यात. आता फक्त उसवलेलं शिवते, काठ दुमडून देते." मे महिन्यापासून ती वस्तू त्या दुकानात नव्हतीच, आणि मी दर महिन्याला तिचा भाव लिहीत होतो.

मग त्यांनी विचारलंच. पोरगी कधी येणार?

मी म्हटलं, "यायची नाही मावशी. सुट्टीला येईल. कायमची नाही. तिकडे ती फार चांगलं काम करते."

बोलून गेलो आणि वाटलं, आता काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. मावशींनी सुई डोळ्यांजवळ नेली, दोरा ओवला आणि म्हणाल्या, मग हे आधी सांगायचं ना. उठून त्यांनी फळीवरून एक पुडकं काढलं. तू जाताना निळं कापड देऊन गेली होतीस, आठवतंय का? बेतून, कच्चे टाके घालून तयार आहे. नवीन शिवणं बंद केलं, तरी हे एक त्यांनी ठेवलंय. तू कायमची आलीस की अंगावर धरून बघायचं आणि पक्की शिलाई मारायची, म्हणून दोन वर्षं ते तसंच राहिलं. मी म्हटलं, वहीत तिचं माप आहे ना, त्यावरून पुरं करा, मी टपालानं पाठवतो. मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा वर्गात बसलोय की काय असं वाटलं. "दोन वर्षांपूर्वीच्या मापावर? ती पोरगी आता राहिली असेल का तेवढी? नवीन माप पाठवायला सांगा तिला."

रस्त्यावर आल्यावर मला रडू आलं. हे मामीला सांगितलेलं नाही, तुला सांगतो. भर दुपारी, न्हाव्याच्या दुकानासमोर. त्याला वाटलं, मी भाव विचारायला आलोय.

मला तू हवी आहेस. शेजारच्या खुर्चीत, जेवायला, मागच्या खोलीत दिवा जळत ठेवून झोपलेली. सायकल पुसताना, फेरीच्या नवव्या दुकानाशी, रोज. हे मी आधीच सरळ लिहिलं असतं, तर एवढा उपद्व्याप झाला नसता. मी सरळ लिहितो एवढ्याचसाठी, की हे वाचूनही तू तिथेच राहावंस. वाट बघायला मला आता कारण लागत नाही.

मावशींनी मागितलेल्या मापांची यादी खाली देतो. मैत्रिणीकडून फीत धरून घे, एकटीनं घेतलेली चुकतात. खांदा, छाती, कंबर, बाहीची लांबी, पूर्ण उंची. अंदाजानं लिहू नकोस.

सोबत ना-हरकत दाखला. अठ्ठावीसच्या आत पोचावा म्हणून जलद टपालानं टाकतोय आणि टपालाला नावं ठेवायची सोय स्वतःच बंद करतोय. दाखल्याखाली सही कार्यालयप्रमुखाची आहे, शिक्क्यासकट. या पत्राखाली फक्त

तुझा मामा